घाट लागलाच नाही

आईला गाडी लागते. म्हणजे थोडीथोडकी नाही, नाशिकहून ठाण्याला जायचं तर आदल्या दिवसापासून तिचं जेवण कमी होतं, पर्समध्ये लिंबू, आवळासुपारी आणि दोन-तीन प्लास्टिकच्या पिशव्या जातात आणि घोटी जवळ आली की ती ॲव्होमीनची गोळी घेते, कारण तिचा हिशोब पक्का आहे, घोटीला गोळी घेतली की कसारा घाटाच्या तोंडाशी ती बरोबर लागू पडते. परवा ठाण्याला भाचीच्या मुलाचं बारसं होतं. मी इगतपुरीजवळ पिंप्री सदोला गाडी नव्या समृद्धी महामार्गावर घेतली, आई नेहमीसारखी पुढच्या सीटवर, डोळे मिटून, पदर नाकाला लावून तयार बसलेली. बोगदा आला, गेला, मग पूल, मग पुन्हा डोंगर कापलेला रस्ता, आणि शहापूर मागे पडल्यावर तिने डोळे न उघडता विचारलं, घाट कधी लागेल रे? म्हटलं आई, घाट संपला, आपण खाली कोकणात आलो. तिने डोळे उघडून बाहेर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मग मी गोळी कशाला घेतली?" त्यानंतर गोळीने आपलं काम चोख केलं. बारशाला आई पाळण्याशेजारच्या खुर्चीत बसून झोपली, बाळाच्या कानात कुर्रर झालं, घुगऱ्या वाटून झाल्या, आणि बाळाचं नाव काय ठेवलं हे तिला रात्री जेवताना कळलं. सगळे हसले, तीही हसली. पण परत येताना ती एक वाक्य बोलली ते माझ्या डोक्यातून जात नाहीये. "निदान सांगायचं तरी, आता आपण घाट उतरतोय म्हणून."

आता मला कुठे माहीत होतं कधी उतरलो ते!

खरंच सांगतो, मीही चालवत होतो पण मला कळलं नव्हतं. इगतपुरी समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे आणि कसारा त्याच्या साधारण निम्म्यावर. म्हणजे तीनशे मीटर खाली यायचंय, आणि ते अंतर आपण पूर्वी पोटाने मोजायचो. प्रत्येक वळणाला पोट एका बाजूला आणि आपण दुसऱ्या बाजूला. आता एकच खूण उरलीय, बोगद्यात मध्येच कान दडे बसल्यासारखे होतात, एकदा आवंढा गिळला की सुटतात, बास. 7 किलोमीटर 780 मीटरचा बोगदा आहे, आत दिव्यांची रांग, लख्ख उजेड, मोबाईलची रेंज जाते-येते, आणि बाहेर पडलं की एकदम डोळ्यांवर हिरवं येतं, तेही पावसाळ्यात. बाहेर पडल्यावर पूल. शहापूर तालुक्यातल्या त्या दऱ्यांवर एकामागून एक पूल टाकलेत, खर्डीजवळच्या पुलाचे खांब तर 84 मीटरपर्यंत उंच आहेत. पण वरून गाडी हाकणाऱ्याला त्या 84 मीटरचा पत्ता लागत नाही. बाजूला काँक्रीटचा कठडा, समोर पांढरे पट्टे, आणि गाडी आपली सरळ. दरी आहे हे गूगल मॅपवर बघितलं तरच कळतं.

जुना घाट मात्र स्वतःची ओळख करून द्यायचा. घाटाच्या तोंडाशी घाटनदेवीचं देऊळ आलं की एसटीत आपोआप बोलणी बंद पडायची. कुणी हात जोडायचं, कुणी खिडकीतून नाणं फेकायचं, आमची आजी तर चपला काढून पाय सीटवर घ्यायची. मग पहिलं वळण, आणि पुढच्या ट्रकच्या ब्रेकचा तो वास, जळकट, रबरी, घशात बसणारा. तो वास आला की आई पिशवी उघडायची. जून-जुलैत धुकं इतकं की पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसायचे आणि ड्रायव्हर काचेवर आतून फडका मारत मारत गाडी चालवायचा, सगळी एसटी श्वास रोखून त्या फडक्याकडे बघत बसायची. कठड्यावर माकडं ओळीने बसलेली, भिजलेली, वैतागलेली. एप्रिल-मे असेल तर गाडी जिथे रेंगाळेल तिथे ठाकर-कातकरी बायका-पोरं खिडकीशी यायची, पळसाच्या पानाच्या द्रोणात करवंदं, जांभळं, कधी आळूची फळं. हात वर करून द्रोण द्यायचा, पैसे घ्यायचे, आणि गाडी हलली तर सुट्टे परत द्यायला गाडीबरोबर धावायचं. एका पोरीने असंच धावत येऊन आईच्या हातात सुट्टे कोंबलेले मला लख्ख आठवतात. तिच्या बोटांना करवंदाचा चीक लागलेला होता, काळपट-पांढरा, आणि तो त्या नाण्यांनाही लागला, आणि मग घरी येईपर्यंत माझ्या बोटांनाही. ती करवंदं कधी गोड निघायची, कधी नुसतीच आंबट. उलटी मात्र त्या आंबटाने थांबायची, हा आईचा अनुभव.

आणि तरीही, मला घाटाचं कौतुक करायचं नाहीये. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर लोक म्हणतील बघा हा आता जुनं ते सोनं सुरू करतोय. आमच्या गल्लीत एक टेम्पोवाला होता, कांदे घेऊन वाशीला जायचा, तो एका पहाटे घाटातून खाली पोचलाच नाही. त्याच्या बायकोने पुढची कित्येक वर्षं कसाऱ्याच्या रस्त्याने प्रवास केला नाही, रेल्वेनेच जायची, आणि रेल्वेही त्याच डोंगरातून जाते तेव्हा ती खिडकी बंद करून घ्यायची. अशी घरं नाशिक, घोटी, इगतपुरी, शहापूर सगळीकडे आहेत. पावसाळ्यात दरडी पडणार, रस्त्याला तडे जाणार, एखादा कंटेनर आडवा होणार आणि मग दोन्ही बाजूंनी रांगा, त्यात एखादी अँब्युलन्स अडकलेली, सायरन वाजवून वाजवून शेवटी नुसता दिवा फिरत राहिलेला. नाशिकहून मुंबईच्या हॉस्पिटलला पेशंट घेऊन जाणाऱ्याला विचारा घाटाचं सौंदर्य. त्याला तो बोगदा म्हणजे देवच वाटेल, आणि त्याचं बरोबर आहे.

माझे मामा एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर झालेत. आईचा गोळीचा किस्सा ऐकून ते पोट धरून हसले आणि मग नेहमीप्रमाणे लेक्चर सुरू. घाटात ब्रेक फेल होत नाहीत रे, ब्रेक फेल केले जातात, हे त्यांचं आवडतं वाक्य. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा नियम लायसन काढायच्या आधी शिकवला जायचा म्हणे. म्हणजे इंजिनानेच गाडी धरायची, ब्रेकला फक्त हात लावायचा. पण डिझेल वाचवायला काही जण गाडी न्यूट्रल करतात, वीस-पंचवीस टन माल मागून ढकलतोय, ब्रेकवर पाय ठेवून ठेवून लायनर तापतात, आणि तापलेला लायनर पकडतच नाही. "पाय दाबला जातो, गाडी ऐकत नाही. मग तो भोंगा वाजवत येतो ना, तो भोंगा नसतो, तो त्याचा निरोप असतो." मामा हे सांगताना हसत नव्हते. त्यांच्या काळात ते घाटाच्या डोक्यावर गाडी उभी करून एअर प्रेशरचा काटा बघायचे, खाली उतरून टायरला हात लावायचे, आणि मग देवीला नमस्कार. ह्या क्रमाने. देवी शेवटी. आधी काटा.

मी म्हटलं, मामा, मग आता चांगलंच झालं की, ना वळण ना उतार, कोणाचे लायनर तापणार नाहीत. तर ते म्हणाले, "घाटात माणूस झोपत नाही बाबा. सरळ रस्त्यावर झोपतो." आणि मला गप्प बसावं लागलं, कारण 1 जुलै 2023 ची सकाळ मला आठवत होती. सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर बस उलटून पेटली, 25 माणसं गेली. तिथे ना घाट होता ना दरी. नागपूरपासून सरळसोट रस्ता, 701 किलोमीटरचा, त्याचा पहिला टप्पा डिसेंबर 2022 ला सुरू झाला तेव्हापासून टायर फुटण्याच्या आणि डोळा लागण्याच्या बातम्या आपण वाचतोच आहोत. शेवटचा इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा तुकडा 5 जून 2025 ला उघडला, आणि त्यात हे बोगदे-पूल. मामांचं म्हणणं मला शंभर टक्के पटत नाही, कारण घाटात जागं राहूनही माणसं मेलीच आहेत. पण भीती ही एक सोय होती हे खरं. भीती फुकटात जागं ठेवायची. आता जागं राहायची जबाबदारी आपली आपण घ्यायची आहे, आणि आपल्याला ती सवय नाही. मी स्वतः त्या पुलांवर एक हात स्टिअरिंगवर ठेवून बिस्किटाचा पुडा फोडत असतो. कसारा घाटात असली हिंमत केली असती का? शक्यच नाही.

एक गंमत सांगायची राहिली. घाटात वाचवलेला सगळा वेळ आमण्याला उतरल्यावर भिवंडीच्या आणि माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये व्याजासकट परत द्यावा लागतो. ते असो.

मग मध्ये एका कामासाठी शहापूर तालुक्यात आतल्या गावांत जावं लागलं, आणि पहिल्यांदा तो पूल मी खालून बघितला. गाडी थांबवून खांबाच्या बुडाशी उभा राहिलो. मान पूर्ण मागे टाकली तेव्हा कुठे वरचा स्लॅब दिसला. काँक्रीटवर शटरिंगच्या रेघा, ओळीने, वरपर्यंत, प्रत्येक रेघ म्हणजे एकेका टप्प्याचं काम, आणि एका रेघेजवळ कुणीतरी ओल्या काँक्रीटमध्ये बोटाने काहीतरी लिहिलेलं, मला वाचता न येणाऱ्या लिपीत, बहुतेक बंगाली असावी. वरून गाड्यांचा आवाज येत होता पण गाड्यांसारखा नाही, नुसतं जॉइंटवरून टायर गेल्याचं धप-धप, धप-धप. खाली भाताची खाचरं. एक आजोबा बैलं घेऊन सावलीला बसले होते. पुलाची सावली खाचरातून फिरत जाते आणि दुपारी त्यांच्या बांधावर येते, तर तेवढाच पुलाचा उपयोग, असं ते म्हणाले. तक्रारीच्या सुरात नाही, बरं का. सहज. मी विचारलं वर जाता का कधी, तर म्हणाले, वर जायचं तर शहापूरला जाऊन चढावं लागतं, आणि मोटरसायकल चालत नाही तिथे. त्यांच्याकडे मोटरसायकलच आहे. मुलाची.

शहापूर तालुक्याचं हे नशीब नवं नाही म्हणा. भातसा धरण तिथे, तानसा तिथे. मुंबईच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसाचा. आणि त्याच तालुक्यात उन्हाळा आला की पाड्यापाड्यावर टँकर, बायका हंडे घेऊन रांगेत. पाणी पाइपातून मुंबईला जातं, आता गाड्या पुलावरून मुंबईला जातात, आणि तालुका दोन्हीच्या खाली. जुना हायवे निदान त्यांच्या उंबऱ्यावरून जायचा. त्यात धूळ होती, अपघात होते, रस्ता ओलांडताना मेलेली गुरं होती, माणसंही होती. पण चहाची टपरी होती, पंक्चरचं दुकान होतं, कसाऱ्याहून नाशिकला शेअर टॅक्सी भरणारा पोरगा होता, भुट्टे भाजणारी बाई होती. एका टपरीवाल्याला विचारलं धंदा कसा काय, तर म्हणाला ट्रक आहेत अजून, टोल वाचवायला खालूनच जातात, पण कारवाले गेले. "कारवाला दोन चहा, एक बिस्लेरी, एक भजी प्लेट. ट्रकवाला एक कटिंग." एवढ्यात त्याने माझा चहा ओतला आणि मी कारवाला असल्याने भजी पुढे सरकवली, न मागता. खाल्ली. गरम होती, मिरची भलतीच तिखट.

तिथून सरळांबे फार लांब नाही. नाव आठवतंय? 31 जुलै 2023 ची रात्र, म्हणजे तारीख बदलून 1 ऑगस्ट झालेला. पुलाचं काम रात्रीही चालू होतं, गर्डर उचलून बसवणारं ते अजस्र मशीन, त्याला लॉन्चर म्हणतात, ते गर्डरसकट खाली आलं, शंभर फुटांच्या आसपास उंचीवरून, खाली काम करत असलेल्यांच्या अंगावर. 20 जण गेले. त्यातले बहुतेक बाहेरच्या राज्यांतले, बिहार, बंगाल, उत्तर प्रदेश, तमिळनाडू. पाऊस चालू, अंधार, ढिगाऱ्याखालून माणसं काढायचं काम. आपण सगळ्यांनी ते टीव्हीवर बघितलं, दोन दिवस हळहळलो, आणि मग रस्ता कधी सुरू होणार ह्या बातम्या वाचायला लागलो. मीही त्यातलाच. बारशाला जाताना मी त्या ठिकाणावरून गेलो असणार आणि मला माहीत नाही ते नेमकं कुठे होतं. कुठे नावांची पाटी असेलही, पण त्या वेगात पाटी दिसली तरी वाचून होत नाही, आणि पुलावर थांबायला मनाई.

घाटांच्या रस्त्यांत माणसं गाडली गेल्याची गोष्ट जुनीच आहे. तिकडे मुंबई-पुण्याच्या बोरघाटात शिंगरोबाचं देऊळ आहे ना, सांगतात की त्या धनगराने साहेबाला घाटातून वाट दाखवली आणि साहेबाने बक्षीस म्हणून त्याला गोळी घातली. खरं-खोटं राहू द्या, पण अजून ट्रकवाले तिथे वेग कमी करतात, नाणं टाकतात. आता तिथेही मिसिंग लिंक नावाचा नवा रस्ता, दरीवर केबलचा पूल, डोंगरातून बोगदा. आणि इकडे आपल्याच थळघाटात, म्हणजे कसारा घाटात, रेल्वेचा एहेगावचा पूल, 1865 ला रेल्वे घाट चढली तेव्हाचा. पन्नास मीटरच्या वर उंच, 1 ला 37 चा चढ, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर, आजही गाडीला कसाऱ्याला मागून इंजिनं लावावी लागतात, ती इगतपुरीला सुटतात आणि तेवढ्या वेळात वडा खायचा, ही सगळ्यांना माहीत असलेली पद्धत. लहानपणी बाबा त्या पुलावर गाडी आली की आम्हाला खिडकीशी ओढायचे. बघा बघा, खाली बघा. गाडी घाट चढताना धापा टाकत जायची म्हणून बघता यायचं. तेव्हाही तो पूल बांधताना किती मेले ते बाबांनी कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. म्हणजे आपण आत्ताच विसरायला लागलोय असं नाही. फक्त तेव्हा खाली बघायला वेळ मिळायचा, आणि दरी दिसली की माणसाला आपोआप वाटायचं, अरे बापरे, हे कुणी केलं असेल.

मला वाटतं आईला तेच म्हणायचं होतं, जरी तिला राग गोळीचा होता. इतकी वर्षं ज्याला घाबरलो, ज्याच्यासाठी लिंबू-पिशव्यांची तयारी केली, देवीला नमस्कार केला, तो असा न सांगता निघून गेला. उलटी झाली नाही ह्याचा तिला आनंदच आहे, तिने बहिणीला फोन करून दहा वेळा सांगितलं की पोटातलं पाणी हाललं नाही. पण त्याच फोनवर ती हेही म्हणाली की देवीला काही टाकलं नाही गं, मनाला बरं नाही वाटलं. आता ती मला म्हणतेय पुढच्या वेळी जाताना वरून आणि येताना खालून. मी म्हटलं खालून म्हणजे उलटी. म्हणाली मग काय, गोळी आहे की.

माझी मागणी साधी आहे. बोगद्याच्या खालच्या तोंडाशी, पूल सुरू व्हायच्या आधी, गाडी बाजूला घ्यायला एक रीतसर जागा द्या. उंच कठडा बांधा, जाळी लावा, सेल्फीवाले पडणार नाहीत अशी. त्या 20 जणांची नावं तिथे लावा, मोठ्या अक्षरात, देवनागरीत आणि त्यांच्या त्यांच्या लिपीत. आणि खालच्या पाड्यातल्या बायकांना चार टेबलं द्या करवंदं आणि भुट्टे विकायला, ब्रँडेड कॉफीवाल्याला नको. लोक दहा मिनिटं थांबतील, पाय मोकळे करतील, झोप उडेल, मामांचीही तक्रार नाही. टोलमध्ये दहा रुपये वाढवा हवं तर. आम्ही कुरकुर करू आणि भरू.